सवलत की साहित्य? महाविद्यालयीन गणित-विज्ञान आणि दिव्यांग विद्यार्थी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाची चर्चा आपल्याकडे सुरू झाली की लवकरच ती परीक्षेपाशी येऊन थांबते. लेखनिक कोणी द्यायचा, जादा वेळ किती द्यायचा, आकृतीच्या प्रश्नाऐवजी कोणता प्रश्न घालायचा, प्रात्यक्षिकाचे गुण कसे भरायचे, याच प्रश्नांभोवती विभागाच्या बैठका फिरतात. त्या विद्यार्थ्याने वर्षभर काय वाचले, सराव कशावर केला, फळ्यावरचे किती त्याच्यापर्यंत पोहोचले, हा विषय सहसा निघत नाही. इतिहास किंवा साहित्यासारख्या विषयांत ही उणीव काही प्रमाणात भरून निघते, कारण तिथे कोणी वाचून दाखवले तरी बरेच काही हाती लागते. गणित आणि विज्ञानात मात्र ती भरून निघत नाही. तिथे हाताळता येईल असे साहित्य नसेल, तर विषयच विद्यार्थ्याच्या हाती येत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : आपण सवलतीला साहित्याचा पर्याय मानले आहे. परिणामी विद्यार्थी उत्तीर्ण होतो, पण विषयाच्या बाहेरच राहतो. सवलती रद्द कराव्यात असे येथे सुचवायचे नाही. त्यांना जे काम कधीच पेलणार नव्हते ते त्यांच्यावर टाकले गेले, एवढेच दाखवायचे आहे.

कायदा काय देतो आणि कोठे थांबतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. जुन्या कायद्यातील ७ प्रकारांऐवजी त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हा आपल्या वर्गांत सहज नजरेआड होणारा प्रकारही त्यात आहे. कलम ३२ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. ‘वाजवी सोय’ नाकारणे हाही भेदभावच, असे अधिनियमाच्या व्याख्येतच म्हटले आहे.

तथापि कलम १७ बारकाईने वाचले पाहिजे. पुस्तके, इतर अध्ययन साहित्य आणि साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची तरतूद त्यात आहे, पण ती वयाच्या १८ वर्षांपर्यंत. म्हणजे विद्यार्थी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात येतो, नेमके त्याच सुमारास मोफत साहित्याची हमी संपते. त्याच कलमात अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याची तरतूद आहे आणि उदाहरणे म्हणून जादा वेळ, लेखनिक व दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. संस्थांनी उदाहरणे तेवढी उचलली आणि तत्त्व मागे ठेवले. वस्तुतः कलम १६ नुसार शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावयाची आहे आणि तिथे वयाची अट नाही. विनामूल्य पुरवठ्याचे कलम संपले म्हणून कर्तव्य संपत नाही.

न्यायालयांनीही हा अर्थ वेळोवेळी स्पष्ट केला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिसेबल्ड राइट्स ग्रुप’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील राखीव जागांबरोबरच सुगम्यता आणि अध्यापनपद्धतीचाही विचार केला. फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात वाजवी सोय ही समतेचाच भाग असल्याचे म्हटले. नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सुगम्यतेचे निकष केवळ सल्लावजा ठेवणे अधिनियमाशी विसंगत ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कागदावर आता फारसे कमी नाही. कमी आहे ते वर्गात आणि नोट्समध्ये.

समीकरणाचा उच्चार

छापील गणित हे ओळीत लिहिलेल्या गद्यासारखे नसते. अपूर्णांकात अंश वर आणि छेद खाली असतो, घातांक उंचावर बसतो, वर्गमुळाचे छत्र किती पदांवर पसरले आहे ते डोळ्यांनीच कळते. अर्थ जागेवर अवलंबून असतो. उच्चारात ती जागा नाहीशी होते.

वर्गात रोज ऐकू येणारे एक वाक्य घेऊ : ‘एक्स प्लस वन अपॉन एक्स मायनस वन’. फळा दिसणाऱ्याला यात अडचण नाही. केवळ ऐकणाऱ्याला मात्र याचे चार अर्थ लागू शकतात. एक्सची किंमत ३ धरू. ‘एक्स अधिक एक’ हा संपूर्ण अंश आणि ‘एक्स वजा एक’ हा संपूर्ण छेद मानला तर उत्तर २. फक्त ‘एक’ला ‘एक्स वजा एक’ने भागले तर साडेतीन. ‘एक्स अधिक एक’ला एक्सने भागून त्यातून एक वजा केला तर एक तृतीयांश. आणि केवळ ‘एक भागिले एक्स’ हाच अपूर्णांक मानला तर दोन पूर्णांक एक तृतीयांश. उच्चार एकच, उत्तरे चार. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की तो गणितात कच्चा आहे असा शेरा आपण मारतो, पण कच्चेपणा आपल्या वाचनात असू शकतो.

ही अडचण नवी नाही आणि तिचे उत्तरही नवे नाही. सोव्हिएत गणितज्ञ लेव्ह पोंत्र्यागिन (१९०८–१९८८) यांची दृष्टी वयाच्या चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात गेली. गणिताचे शिक्षण नसलेली त्यांची आई त्यांना ग्रंथ वाचून दाखवत असे. चिन्हांची नावे ठाऊक नसल्याने ती त्यांचा आकार सांगे. अमेरिकेतील अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) जन्मांध होते. गणित अंधांना झेपणार नाही या सल्ल्यामुळे त्यांनी आधी मानसशास्त्राची पदवी घेतली, पुढे गणिताकडे वळले आणि डेट्रॉईट विद्यापीठात अनेक वर्षे गणित शिकवले. सहा टिंबांच्या ब्रेलमध्ये कोरी जागा धरून जेमतेम ६४ आकृतिबंध मिळतात. तेवढ्यात उच्च गणिताची सारी चिन्हे बसवणारी संकेतप्रणाली त्यांनी तयार केली. १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली, १९७२ मध्ये सुधारली गेली. आपल्याला वाचून दाखवणाऱ्या डोळसांसाठीही त्यांनी निश्चित वाचनरीत घालून दिली : अपूर्णांक कोठे सुरू झाला, कोठे संपला, हे प्रत्येक वेळी उच्चारायचे.

आपल्या वर्गात हे उद्यापासून करता येते. ‘अपूर्णांक सुरू, अंशात एक्स अधिक एक, छेदात एक्स वजा एक, अपूर्णांक संपला’ असे म्हणायला तीन-चार सेकंद अधिक लागतात. त्याचबरोबर ‘हे इकडे घेतले, ह्यातून ते गेले, मग हे उरले’ ही आपली फळ्यावरची भाषा सोडावी लागते. ‘हे’ आणि ‘ते’ यांचा अर्थ केवळ बोटाच्या टोकाला असतो. कोणते पद कोणत्या बाजूला नेले आणि चिन्ह का बदलले, हे नावाने सांगितले की मागच्या बाकावरच्या डोळस विद्यार्थ्यालाही पायरी कळते.

ध्वनिमुद्रित पुस्तकाची मर्यादा

अंध विद्यार्थ्यासाठी काही करायचे म्हटले की प्रथम सुचते ते पुस्तक ध्वनिमुद्रित करून देणे. त्यामागची सदिच्छा मोलाचीच आहे. परंतु बीजगणित हे ऐकण्याचे शास्त्र नाही, करण्याचे आहे. विद्यार्थ्याला तिसऱ्या ओळीवर परत जायचे असते, एखादे पद शोधायचे असते, खाली नवी ओळ लिहून वरच्या ओळीशी ताडून पाहायची असते. ध्वनी पुढे सरकतो, हाताखाली थांबत नाही. म्हणून गणितात ब्रेल किंवा संरचना जपणारी संगणकीय फाइल यांना पर्याय नाही. ध्वनिमुद्रण हे पूरक आहे, मुख्य साहित्य नव्हे.

संरचना जपणे म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. गणितासाठीची मॅथएमएल ही संगणकीय खूणभाषा १९९८ पासून अस्तित्वात आहे. तिच्यात लिहिलेला अपूर्णांक संगणकाला अपूर्णांक म्हणून कळतो, निव्वळ चित्र म्हणून नव्हे. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर योग्य जोड असल्यास असे समीकरण तुकड्या-तुकड्याने वाचून दाखवतो. लाटेकमध्ये पेपर लिहिणाऱ्या प्राध्यापकांकडे तर मूळ फाइल तयारच असते. ती एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाणारी शुद्ध अक्षरांची लिपी असल्याने अनेक अंध गणितज्ञ तीच थेट वाचतात. आपण मात्र विद्यार्थ्याला त्यातून निघालेली पीडीएफ देतो, तीही पुष्कळदा छापून पुन्हा स्कॅन केलेली. सुगम वस्तू हाताशी असताना दुर्गम वस्तू द्यायची, असा हा प्रकार आहे.

नोट्स, फाँट आणि फोटो

देशी भाषांत शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे आणखी एक अडचण आहे, तिची दखल इंग्रजीतील मार्गदर्शकांत क्वचितच घेतली जाते. कित्येक विभागांच्या मराठी नोट्स युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. अशा फाइलमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि खुणा. स्क्रीन रीडर त्या खुणाच वाचतो, आणि विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक आवाज पडतो. उर्दूतील जुन्या इनपेज फाइलींची अवस्थाही अशीच आहे. मजकूर डोळ्यांना नितळ दिसतो, म्हणून दोष कोणाच्या लक्षातही येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. त्यानंतर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, कारण जोडाक्षरे आणि गणिती चिन्हे बिघडण्याचा संभव असतो.

दुसरी सवय त्याहून अलीकडची आहे : हस्तलिखित नोट्सचा मोबाइलवर फोटो काढून वर्गाच्या गटात टाकणे. यात अंध विद्यार्थी वगळला जातोच, शिवाय मंददृष्टी असलेल्याला फोटो मोठा केला की अक्षरे फाटलेली दिसतात आणि वाचनाची विशिष्ट अडचण असलेल्याला मजकुराचा आकार, अंतर वा रंग बदलता येत नाही. टंकलिखित मजकूर, खऱ्या शीर्षक-शैलीत दिलेली शीर्षके आणि वर्डमधील समीकरणाच्या सोयीने लिहिलेली समीकरणे, एवढ्याने निम्मी वाट सरते.

स्वामित्वहक्काची भीती पुढे करण्याचे कारण नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तींसाठी सुगम प्रती तयार करण्याची मुभा मिळाली. २०१३ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या माराकेश कराराला सर्वप्रथम, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारतच होता.

आकृती वगळल्याने काय वगळले जाते?

केंद्रीय मंडळाच्या शालान्त प्रश्नपत्रिकांत आकृतीच्या प्रश्नाखाली दृष्टिबाधित परीक्षार्थींसाठी वेगळा प्रश्न छापण्याची पद्धत आहे. महाविद्यालयांनीही ती उचलली आहे. परीक्षेपुरती ती न्याय्य वाटते. पण आलेखाचा प्रश्न काढून व्याख्येचा प्रश्न घातला की परीक्षेत येणार नाही ते वर्गात कशाला शिकवायचे, हा विचार पाठोपाठ येतो. मग किरणाकृती गेली, मंडल गेले, आलेख गेला. भौतिकशास्त्रातून एवढे काढल्यावर उरते ती पाठांतराची वही. असा विद्यार्थी पुढे एम.एस्सी.ला प्रवेश घेऊ शकत नाही, आणि आपण म्हणतो की त्याला तेवढी आवड नव्हती.

आकृती ही दृष्टीची मक्तेदारी नाही. ती अवकाशातील संबंधांची मांडणी आहे, आणि ते संबंध बोटांनाही कळतात. आयआयटी दिल्लीत शालेय पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांच्या स्पर्शरूप आवृत्त्यांवर काम झाले आहे. महाविद्यालयीन पातळीवर तसे साहित्य विरळ आहे. तरीही रबरी पाटीवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून टोकदार लेखणीने रेघ ओढली की ती उठावदार होते. टाचण्या आणि दोरा यांनी आलेख मांडता येतो. खर्च थोडा आहे, तयारी मात्र आधी करावी लागते.

स्पर्शरूप आकृती नसेल तेथे वर्णन हवे, आणि वर्णन म्हणजे चित्राचे नाव नव्हे. ‘वाय बरोबर एक्सचा वर्ग वजा चार’ या आलेखाखाली ‘आकृती ३ : एक वक्ररेषा’ असे लिहिणे निरुपयोगी आहे. ‘वर उघडणारा अन्वस्त, एक्स अक्षाला उणे २ आणि २ येथे छेदतो, सर्वांत खालचा बिंदू वाय अक्षावर उणे ४ येथे, दोन्ही बाजू वाय अक्षाभोवती सममित’ असे लिहिले की विद्यार्थी त्यावर पुढचा विचार करू शकतो. असे वर्णन लिहिताना ही आकृती येथे कशासाठी दिली, हे शिक्षकालाही ठरवावे लागते. पुष्कळ आकृत्यांच्या बाबतीत ते आपण कधी ठरवलेलेच नसते.

प्रयोगशाळा आणि ‘पाहणे’

‘विज्ञान म्हणजे निरीक्षण आणि निरीक्षण म्हणजे पाहणे’ हे समीकरण प्रयोगशाळेत फार घट्ट आहे. १९४६ मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मलेले खीरात फर्माय हे लहानपणापासून अंध. शंखशिंपल्यांचे बोटांनी निरीक्षण करूनच ते कॅलिफोर्निया विद्यापीठात उत्क्रांतीचे मान्यवर अभ्यासक झाले. शिंपल्यावरील भक्षकांच्या खुणा बोटांनाही वाचता येतात.

आपल्याकडचे उदाहरण अनुमापनाचे घेऊ. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग अंध विद्यार्थ्याला दिसत नाही. रंग ओळखण्यात अडचण असलेल्यालाही इतर काही दर्शकांत हाच त्रास होतो, आणि तो लाजेने सांगत नाही. परंतु आम्लारी ओळखण्यासाठी वासाचे दर्शक आहेत. कांदा आणि व्हॅनिला यांचा वास आम्लारीत जाणवेनासा होतो, हा प्रयोग एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातच आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी वासाच्या दर्शकाने अनुमापन करण्याची रीत १९९० मध्येच अमेरिकेतील रसायनशिक्षणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. दहावीत मुलांना शिकवलेली गोष्ट पदवीच्या प्रयोगशाळेत आपण विसरतो आणि विद्यार्थ्याला बाजूला बसवून सरासरी गुण देतो.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतो, तेव्हा ओठ दिसत नाहीत. दुभाषक असला तरी त्याच्याकडे आणि फळ्याकडे एकाच वेळी पाहता येत नाही, म्हणून लिहून झाल्यावर थांबून बोलणे आवश्यक ठरते. भारतीय सांकेतिक भाषेच्या शासकीय शब्दकोशात २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द होते. पदवी स्तरावरील विज्ञानाच्या परिभाषेला तेवढे पुरत नाहीत. म्हणून दर प्रकरणाची संज्ञासूची आठवडाभर आधी विद्यार्थ्याला आणि दुभाषकाला देणे हे साहित्यनिर्मितीचेच काम आहे. चलच्चित्र व्याख्यानांवर यंत्राने उमटवलेल्या ओळींवर विसंबू नये. मराठी-इंग्रजी मिश्र बोलण्यात त्या नेमक्या पारिभाषिक शब्दांवरच चुकतात.

लेखनिकाचा पेच

केंद्र शासनाच्या २०१३ आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक, वाचक वा प्रयोगशाळा साहाय्यक यांची तरतूद केली. २०१३ मध्ये लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेवर बंधन नको असे म्हटले होते. २०१८ मध्ये परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी खालचा असावा अशी अट आली. गैरप्रकार टाळण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण गणितात याचा अर्थ असा होतो की ज्याला संकलनाचे चिन्ह वाचता येत नाही त्याने ते वाचून दाखवायचे आणि लिहून घ्यायचे. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये वा सुगम संगणकीय रूपात असेल आणि वर्षभर विद्यार्थी त्याच रूपात काम करत आला असेल, तर हा पेच बऱ्याच अंशी सुटतो. साहित्य नसल्यामुळे लेखनिकावरचे अवलंबित्व वाढते, आणि ते वाढले म्हणून संशय वाढतो.

अपवादाची प्रेरणाकथा

श्रीकांत बोल्ला यांची कहाणी हैदराबाद परिसरातील वाचकांना परिचित असेल. दहावीनंतर अंधत्वाच्या कारणावरून विज्ञान शाखा नाकारली गेली, तेव्हा त्यांनी न्यायालयात जाऊन ती मिळवली, पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकले आणि २०१२ मध्ये हैदराबादेत उद्योग उभारला. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपटही आला. अशा कहाण्या मेळाव्यांत सांगितल्या जातात आणि टाळ्या मिळवतात. मात्र सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विज्ञान शिकण्यासाठी न्यायालयात का जावे लागले, हा त्यातला प्रश्न टाळ्यांत हरवतो. अपवादात्मक बुद्धी आणि जिद्द असलेला विद्यार्थी साहित्याविनाही वाट काढतो, म्हणून सर्वांनी काढावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. डोळस विद्यार्थ्याला साधारण बुद्धीने बी.एस्सी. होता येते. दिव्यांग विद्यार्थ्यालाही तेवढाच साधारण असण्याचा हक्क आहे.

एक रास्त आक्षेप

‘एका विद्यार्थ्यासाठी एवढा खटाटोप कोणी करायचा?’ हा आक्षेप निव्वळ उदासीनतेचा नाही. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, दोन-तीन महाविद्यालयांत तास घेणाऱ्या शिक्षकाकडून स्पर्शरूप आकृत्यांची अपेक्षा करणे अवाजवी आहे. अधिनियमातील वाजवी सोयीच्या व्याख्येतही संस्थेवर असमान वा अनाठायी भार पडू नये असे म्हटले आहे. म्हणून कामाची विभागणी करावी. शिक्षकाने बोलण्याची रीत बदलावी आणि मूळ फाइली द्याव्यात. विभागाने दर सत्रापूर्वी दोन-तीन प्रकरणे सुगम करावीत, म्हणजे तीन वर्षांत अभ्यासक्रमाचा मोठा भाग तयार होतो. ब्रेल व आकृत्यांचा खर्च आणि कुशल मनुष्यबळ ही संस्थेची व विद्यापीठाची जबाबदारी. एकदा केलेली फाइल शेजारच्या महाविद्यालयालाही द्यावी. पणजी, बेळगाव वा इंदूरच्या विभागांनी तेच प्रकरण तीनदा टंकण्यात अर्थ नाही. आणि साहित्य वापरण्याजोगे आहे की नाही, हे प्रथम विद्यार्थ्यालाच विचारावे.

समारोप

सवलतीचा हिशेब परीक्षेच्या दिवशी होतो, साहित्याचा सत्राच्या पहिल्या दिवशी. आपल्या अहवालांत किती दिव्यांग विद्यार्थी उत्तीर्ण झाले याचे रकाने असतात. त्यांच्यापैकी कितीजणांना पाठ्यपुस्तकातील समीकरणे स्वतः वाचता आली, कितीजणांनी प्रयोग स्वतःच्या हाताने केला, कितीजण त्याच विषयात पुढे शिकले, याचे रकाने नसतात. पुढील सत्रापासून प्रत्येक विज्ञान विभागाने हे तीन रकाने आपल्या नोंदवहीत घालावेत. ते रिकामे राहिले, तर उत्तीर्णांची संख्या कितीही असो, आपण त्या विद्यार्थ्यांना विषय शिकवला असे म्हणता येणार नाही.